योग्य मार्गाने अर्ज

२०२४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी मॅनेजमेंटच्या कॉलेजात जायचं ठरवलं. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघून हसू गिळतो. सातवी पास आणि आठवी अर्धी, असा माणूस. हसण्यासारखं आहेच.

चोवीस वर्षं मी लष्करात काढली. रसदीच्या खात्यात, खेचरांच्या तुकडीत. शिपाई म्हणून गेलो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. फौजेत आतल्या परीक्षा असतात. त्या देत देत मॅट्रिकच्या तोडीला आलो, आणि निघताना पदवीच्या तोडीचं म्हणून एक प्रमाणपत्रही हातात पडलं. त्याचं करायचं काय ते तेव्हा कळलं नाही. बायकोनं ते ट्रंकेत कपड्यांच्या खाली सपाट ठेवून दिलं, दुमडू नये म्हणून. त्यानंतर अठरा वर्षं ह्या कंपनीच्या गेटवर, त्या कंपनीच्या गेटवर. शेवटी द्रोणागिरीतल्या एका गोडाऊनला गेट इन्चार्ज म्हणून लागलो. घरही तिथंच घेतलं होतं. बायकोला समुद्राचा वारा हवा होता. तिला तो चार वर्षं मिळाला.

ती गेली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सहाव्या मजल्यावर चार दारं. त्यातल्या दोन घरांचे मालक मी अजून बघितलेले नाहीत, कुलपावरची धूळ तेवढी बघितली. तिसऱ्या दारातलं जोडपं सकाळी साडेसहाला निघायचं ते मी जेवून भांडी घासेपर्यंत परत यायचं. भेटले तर मान हलवायचे. मुलगी नागपूरला. तिचा फोन रविवारी अकराला. बाकीच्या सहा दिवसांत मी जे बोलायचो ते गाडीचा नंबर, सीलचा नंबर, लायसन दाखवा, पुढं घ्या, मागं घ्या. एकदा सोमवारी सुट्टी होती. संध्याकाळी दूधवाल्यानं बिल विचारलं तेव्हा माझा आवाज घोगरा निघाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच वापरला होता.

तर भांडणाचं सांगतो. भांडण म्हणजे मी भांडलो नाहीच.

मार्च महिन्यात एक ट्रक भरत होते. तीन ठिकाणी उतरायचा माल होता, आधी पनवेल, मग खोपोली, शेवटी चाकण. मी गेटवरून बघत होतो. पनवेलचा माल पार आत ड्रायव्हरच्या केबिनकडं गेला आणि चाकणचा दाराशी आला. आता पनवेलला पोचल्यावर अख्खा ट्रक उपसल्याशिवाय पनवेलच्या पेट्या निघणार नव्हत्या. ही अक्कल मला कुठल्या पुस्तकानं दिली नाही, खेचरानं दिली. मुक्कामाला जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवायचं, नाहीतर तासाभरात जनावराची पाठ सोलते. आणि पाणी आधी त्याला, मग आपल्याला. चोवीस वर्षं हेच केलं.

मी डॉकवर, म्हणजे माल चढवतात त्या ओट्यावर गेलो आणि मॅनेजर साहेबांना हळूच सांगितलं. हे साहेब तिशीच्या आतले, एमबीए झालेले, वागायला वाईट नाहीत. पण त्या दिवशी वरून कुणीतरी फोनवर तासलं होतं. ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काका, हे मॅनेजमेंट आहे. त्याला शिक्षण लागतं. तुम्ही गेट बघा."

मी "येस सर" म्हटलं आणि वळलो. मागून एक हमाल म्हणाला, "काका, तुमी बी एमबीए करून टाका आता." चौघं पाचजण हसले. साहेब हसले नाहीत, हे इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पनवेलवाल्यांची तक्रार आली. ट्रक भर रस्त्यात उपसावा लागला होता. मी कुणाला काही म्हणालो नाही. मी म्हटलं होतं ना, हे चार शब्द मी आयुष्यात कुणाला ऐकवलेले नाहीत, अगदी बायकोलाही नाही. ती मात्र मला रोज ऐकवायची. पण हमालाचं ते बोलणं डोक्यात बसलं. तो चेष्टेत म्हणाला आणि मी म्हटलं, का नाही?

आमच्याकडच्या माजी सैनिकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी फुलं येतात आणि महिन्यातून एखाद वेळी कोण वारल्याची बातमी. त्याच ग्रुपवर एप्रिलमध्ये एक जाहिरात आली. बेलापूरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात गोडाऊन आणि मालवाहतुकीचा एक वर्षाचा कोर्स, शनिवार-रविवार, नोकरी करणाऱ्यांसाठी. माजी सैनिकांना दहा जागा राखीव, आणि फौजेचं ते पदवीच्या तोडीचं प्रमाणपत्र चालेल, असं स्पष्ट लिहिलेलं. मी ट्रंक उघडली. बायकोनं ठेवलं होतं तसंच होतं, एक घडी नाही.

पहिल्या सुट्टीला बेलापूरला गेलो. कॉलेज म्हणजे एका ऑफिसच्या बिल्डिंगचा तिसरा मजला. काउंटरवर एक बाई होत्या, चाळिशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. मी फॉर्म मागितला. त्यांनी विचारलं, "मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाल्या, "बसा ना." पाणी दिलं. फॉर्मची सगळी पानं एकेक करून समजावली. एक पान माझ्या माहितीचं. दोन पानं लिहून काढायची, कोर्स का करायचा आहे आणि कामावर घेतलेला एक अवघड निर्णय. मराठीत लिहिलं तरी चालेल. आणि एक पान नोकरीवरच्या वरिष्ठानं माझ्याबद्दल लिहायचं, बंद पाकिटात. सगळी फाईल मे अखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत इथं पोचली पाहिजे. मी विचारलं, वयाची अट? त्या म्हणाल्या, "नाहीये. आणि सर, तुमच्याइतकं टाचा जुळवून इथं कुणी उभं राहत नाही. बसा म्हटलं तरी तुम्ही उभेच आहात."

मी बसलो.

बसल्यावर काचेतून वर्ग दिसत होता. वीसेक माणसं, बहुतेक नोकरीतली, एकजण तर केस पिकलेला, मांडीवर डबा घेऊन बसलेला. शिकवणाऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि तो पिकलेल्या केसांचा माणूस उत्तर देऊ लागला. हात हलवत, चांगला दोन-तीन मिनिटं. कुणीही घड्याळ बघितलं नाही. सगळा वर्ग त्याच्याकडं तोंड करून ऐकत होता.

खोटं कशाला लिहू? मला त्या कोर्सच्या कागदाचं काही नव्हतं. साहेबांना दाखवायचं, हमालांची तोंडं बंद करायची, हे होतंच, नाही असं नाही. पण त्या काचेसमोर बसल्यावर मला हवं झालं ते दुसरंच. आठवड्यातून दोन दिवस, चार-चार तास, माणसांत बसायचं. आणि कुणीतरी मला प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर गाडीचा नंबर नसेल.

मुलीला रविवारी सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आता हे कशाला, नागपूरला या ना राहायला. मी म्हटलं, तिथं येऊन काय करू, तुमच्या बाल्कनीत कुंड्या मोजू? ती म्हणाली, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, म्हणूनच कॉलेजात जातोय. तेव्हा हसली. तिचं हसणं आईसारखं आहे, सुरू होताना आधी नाकातून येतं.

मग लिहायला बसलो. ड्यूटी आठला, म्हणून पाचला उठून स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानं लिहायचो. टेबल होतं, पण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची.

पहिला प्रश्न दोन ओळींत संपला. दुसऱ्याला आठ दिवस लागले. अवघड निर्णय. मी एका हिवाळ्यातली गोष्ट लिहिली. आम्ही बारा खेचरं घेऊन वरच्या चौकीला निघालो होतो. अर्ध्या वाटेत एक खेचर लंगडलं. त्याचा भार बाकीच्यांवर वाटला, तरी एक गोणी जास्त होत होती. वाट अशी की जास्तीच्या भारानं जनावर दरीत जाणार. काहीतरी मागं ठेवायला लागणार होतं. एका बाजूला मीठ आणि डाळ, दुसऱ्या बाजूला टपालाची थैली. वर चौकीत तीस माणसं, चाळीस दिवस त्यांना घरचं पत्र नव्हतं. मी टपाल खडकाखाली ठेवलं, वर दगड रचले, आणि मीठ घेऊन वर गेलो.

वर पोचल्यावर सगळे धावत आले आणि पहिलं विचारलं, डाक? मी सांगितलं. त्यानंतर बर्फानं वाट बंद झाली आणि आठ दिवस मी त्याच चौकीत अडकलो. त्या आठ दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्याच हातचं मीठ घातलेली डाळ ते खात होते आणि माझ्याकडं पाठ करून बसत होते. नवव्या दिवशी मी खाली उतरून थैली घेऊन आलो. थैली घेतली, तेव्हाही कुणी बोललं नाही. एकाच्या पत्रात बाप वारल्याचं होतं. तेराव्याची तारीख उलटून गेली होती, पण थैली मी आठ दिवस आधी आणली असती तरी ती उलटलेलीच असती. हे त्यालाही कळत होतं. तरी त्यानं माझ्याकडं बघितलं ते मी विसरलेलो नाही.

हे सगळं मी आधी चार ओळींत लिहिलं होतं, रिपोर्टसारखं. मुलीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुढं काय झालं ते लिहा की. तुम्हाला काय वाटलं ते लिहा. मी म्हटलं, वाटायचं काय? पण मग लिहिलं. मीठ नेलं ते बरोबर होतं असं लिहिलं, आणि खाली लिहिलं, पण अजून खात्री नाही. ही गोष्ट मी बायकोलाही पूर्ण सांगितली नव्हती.

आता जी चूक झाली ती. ही चूक फौजी माणूसच करू शकतो.

फौजेत तुमचा कुठलाही कागद आपल्या पायानं जात नाही. शिपायाचा अर्ज नायकाकडं, नायकाकडून हवालदाराकडं, तिथून सुभेदार, तिथून कंपनीचे साहेब. प्रत्येकजण आपली सही करतो, शिफारस लिहितो आणि पुढं पाठवतो. ह्याला म्हणतात योग्य मार्गाने अर्ज. माझा बाप वारला तेव्हा सुट्टीचा अर्जही असाच गेला होता. डोक्यावरून उडी मारून थेट वर कागद दिलात तर अर्ज बरोबर असला तरी तुम्ही चूक. आणि एकदा कागद वरच्याच्या हातात दिला की तुमचं काम संपलं. त्याचं काय झालं हे विचारायला जायचं नसतं. विचारणं म्हणजे साहेबावर विश्वास नाही असं सांगणं. मी स्वतः हवालदार झाल्यावर विचारायला आलेल्या दोन पोरांना मैदानाला चकरा मारायला लावल्या आहेत.

तर काउंटरच्या बाईंनी वरिष्ठाचं पान समजावलं, ते मी ऐकलं ते असं. साहेब पान लिहितील, पाकिटात घालतील, फाईलला जोडतील, शिफारस करून बेलापूरला पाठवतील. दुसरं काही असू शकतं हे माझ्या मनातही आलं नाही.

मे महिन्याच्या मध्याला एका सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या काचेच्या केबिनबाहेर उभा राहिलो. ते फोनवर होते. हातानं आत या म्हणाले. मी फाईल टेबलावर दोन्ही हातांनी ठेवली आणि सांगितलं की कोर्ससाठी अर्ज आहे, त्यात आपल्या अभिप्रायाचं एक पान आहे, मे अखेरची तारीख आहे. त्यांनी फोनवर हात धरून फाईल उघडली, पहिलं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. पण फोनमधून आवाज आला आणि ते एवढंच म्हणाले, "ठेवा काका. बघतो."

मी वळून बाहेर आलो. रविवारी मुलीला सांगितलं, अर्ज गेला.

त्यानंतर सोळा दिवस. गेटवरून डॉककडं जायचं तर त्या केबिनवरूनच जावं लागतं. फाईल निळी होती, म्हणून लांबूनही दिसायची. पहिले दोन दिवस ती टेबलाच्या मधोमध होती. मग उजव्या कोपऱ्यात गेली. मी मनाशी म्हटलं, चांगलं आहे, साहेबांनी वाचून बाजूला काढली. मग खिडकीच्या कट्ट्यावर. मी म्हटलं, आता जाणाऱ्या टपालात निघेल. एक दिवस तिच्यावर चहाचा कप दिसला. तेव्हा मात्र थांबलो, मग पुढं गेलो. साहेब समोरून यायचे, "काय काका, बरंय ना?" विचारायचे, मी "येस सर" म्हणायचो. एवढं बोलणं तर रोज व्हायचं. त्यातच विचारता आलं असतं. पण मी पुढं चालायला लागायचो.

ह्या दिवसांत मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दोनशे पानी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर नाव आणि विषय घातला. रंग उडालेल्या बुटांना नवीन टाच बसवून घेतली. एका सुट्टीला उगाच बेलापूरला जाऊन आलो, गाडीला नेमका किती वेळ लागतो आणि स्टेशनपासून चालत किती, ते घड्याळ लावून बघितलं. वर गेलो नाही. खालून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बघितल्या आणि परत आलो. घरी आल्यावर जेवताना त्या खेचराची गोष्ट मोठ्यानं म्हणून बघितली, वर्गात सांगायला लागली तर असावी म्हणून. मधेच थांबलो. शेजारच्या भिंतीपलीकडं कुणी नव्हतंच, तरी थांबलो.

शेवटचा शुक्रवार आला. सकाळी आठला फाईल खिडकीच्या कट्ट्यावरच होती. बाराला होती. मी हिशोब केला की साहेब स्वतः गाडीनं निघाले तर तासाभरात बेलापूर, म्हणजे चारपर्यंत वेळ आहे. साडेतीनला मी केबिनच्या दाराशी गेलो. आत ट्रान्सपोर्टवाले दोघं बसलेले, कसलीतरी वादावादी चाललेली. साहेबांनी काचेतून मला बघितलं आणि भुवया उंचावल्या, काय म्हणून. मला फक्त बोट करायचं होतं. खिडकीकडं एक बोट. त्या चौकीवर मी तीस माणसांच्या समोर उभा राहून टपाल मागं ठेवलं म्हणून सांगितलं होतं, आणि इथं माझं बोट उचलत नव्हतं. मी मान हलवली, काही नाही म्हणून. गेटवर कंटेनर आला होता, मी गेटवर गेलो. त्याचा सील नंबर मी दोनदा चुकीचा लिहिला.

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. मी रजिस्टरवर रेघ मारली आणि पुढची गाडी घेतली.

साडेसहाला साहेब घरी जायला निघाले. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात माझी निळी फाईल. गेटपाशी थांबून म्हणाले, "काका, ही तुमची फाईल कधीपासून पडलीय. घ्यायलाच आला नाहीत. मला वाटलं विचार बदलला तुमचा."

मी फाईल घेतली. त्यांनी सांगितलं की पान तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, पाकीट बंद करून आतच आहे. मग त्यांनी विचारलं, "भरायची तारीख कधीये?"

"आज होती, सर."

"आज? मग सांगायचं ना. मगाशी दारात आला होतात तुम्ही. मी काय खाणार होतो का तुम्हाला?"

"सांगायची पद्धत नसते, सर. कागद वरूनच पुढं जातो."

"कुठला वर, काका? मी पाठवायचं होतं?" मग त्यांना हळूहळू उलगडलं. ते गेटच्या पत्र्याला टेकले. कॉलेजला फोन करू का विचारलं, उद्या स्वतः बोलतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, चला, मी तिकडूनच जातो, गाडीत बसा, कुणीतरी असेल. मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "मी वाचलं ते, खेचराचं. विचारायचं होतं तुम्हाला एक. तुम्ही आलाच नाहीत."

गाडी गेली. मी बराच वेळ गेट लावायचं विसरलो.

घरी येऊन फाईल टेबलावर ठेवली. पाकीट होतं, त्यावर आडवी सही केलेली, फोडलं तर कळावं म्हणून. अठरा वर्षांत माझ्याबद्दल कुणी काही लिहिलं असेल तर ते त्या पाकिटात होतं. मी ते फोडलं नाही. आपल्याबद्दलचा गोपनीय कागद आपण वाचायचा नसतो. उजेडाकडं धरून मात्र बघितलं, हे कबूल करतो. ओळी दाट होत्या, पान भरलेलं होतं. एवढंच दिसलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. रविवार नव्हता, पण तिला तारीख लक्षात होती. म्हणाली, काय झालं बाबा, पोचला का अर्ज? मी म्हटलं, नाही पोचला, साहेबांनी उशीर केला. ती लगेच चिडली. असेच असतात हे, म्हातारा माणूस म्हणून किंमत नाही, तुम्ही सोडा ती नोकरी, वगैरे. मी ऐकून घेतलं. खोटं कशाला, ऐकताना बरं वाटलं. माझ्या बाजूनं कुणीतरी चिडत होतं. फोन ठेवला आणि डाळीला फोडणी दिली.

फोडणी जळली. मी गॅस बंद करून तिथंच उभा राहिलो. उभ्या नोकरीत मी वरच्या माणसाचं नाव पुढं केलं नव्हतं, खरी चूक त्याची असतानाही नाही. आज पहिल्यांदा केलं, आणि तेही खोटं. त्या माणसानं दुसऱ्याच दिवशी पान भरून लिहून ठेवलं होतं. सोळा दिवस तो मी येण्याची वाट बघत होता आणि मी तो पाठवण्याची. मधे काचेचं दार, तेही कधी कुलूप नसलेलं. तीन वर्षं मी म्हणत होतो की मला कुणी काही विचारत नाही. इथं एकजण विचारायला बसला होता आणि मीच आत गेलो नाही. आणि फक्त साहेबांचंच कशाला? त्या साडेसहाच्या जोडप्याच्या दारावर तरी मी कधी टकटक केली होती?

मी मुलीला परत फोन लावला. तिनं घाबरून उचलला. मी म्हटलं, उशीर साहेबांनी नाही केला. मी केला.

ती म्हणाली, "म्हणजे?"

मग मी तिला सगळं सांगितलं, साडेतीनला न उचललेल्या बोटापर्यंत. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "आई असती तर तिनं स्वतः जाऊन टेबलावरून उचलून आणली असती." मी म्हटलं, होय. वर शिव्या घातल्या असत्या, मला आणि साहेबांना, दोघांना. ती नाकातून हसली, मग रडली. मी फोन धरून होतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी ड्यूटी होती. सकाळी सातला मी साहेबांना फोन केला आणि सांगितलं की मी आज दुपारनंतर येईन. अर्ज दिला नाही, सुट्टी मागितली नाही, सांगितलं. ते झोपेतच "बरं बरं" म्हणाले. तासाला एक गाडी असते ती पकडून बेलापूरला उतरलो. कॉलेजचं शटर अर्धं वर होतं. जिन्यात उभा राहिलो. साडेनऊला त्या बाई आल्या, चष्मा केसांत. मी फाईल त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "काल पाचला द्यायची होती. उशीर माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही."

त्यांनी फाईल चाळली. म्हणाल्या, ह्या वर्गाची यादी काल संध्याकाळीच वर गेली, आता त्यात नाव घालता येणार नाही, खरंच येणार नाही. दिवाळीनंतर दुसरा वर्ग सुरू होतो. लिहिलेली पानं चालतील, पाकीटही चालेल, फक्त पहिलं पान नव्या फॉर्मवर भरून द्यावं लागेल. घरी नेऊन सावकाश भरा, वेळ आहे, असं म्हणत त्यांनी कोरा फॉर्म पुढं केला.

मी विचारलं, इथंच भरला तर चालेल का? त्यांनी पेन दिलं. मी काउंटरच्या कडेला उभ्यानं भरायला लागलो, तर त्यांनी आतून खुर्ची सरकवली. बसून भरला. खाली सही केली, त्यांच्या हातात दिला आणि पोच मागितली. त्यांनी एका चिठ्ठीवर शिक्का मारून तारीख घातली. ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि मी अकराच्या गाडीनं कामावर गेलो. गेटवर न थांबता आधी केबिनचं दार ढकललं आणि साहेबांना विचारलं, "काल काय विचारायचं होतं तुम्हाला?"